काट्यावर कुत्रं आहे का बघा

नगर रोडला लागून सणसवाडीत एक वजनकाटा आहे. त्या काट्यावर मी बसतो. बसतो म्हणजे नोकरी करतो. शब्दशः काट्यावर बसतो तो आमचा कुत्रा. आणि तोही बसत नाही, झोपतो.

काटा ६० टनांचा. ट्रक चढतो, खिडकीतल्या इंडिकेटरवर लाल आकडे पळतात, दम खातात, थांबतात. मी बटण दाबतो, पावती निघते. भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ. आकडे १० किलोच्या पटीत. कोरेगाव भीमा, शिक्रापूर आणि पुढं रांजणगावपर्यंत कंपन्याच कंपन्या असल्यामुळं पत्रा, कास्टिंग, भंगार, कोंबडीखाद्य असं जगातलं पुष्कळसं मला आता वजनानं ओळखू येतं. कुत्र्याचंही वजन मला पाठ आहे. तो २० किलो भरतो.

हे समजलं ते भांडणातून. एकदा भंगाराचा टेम्पो काट्यावर होता आणि हा मागच्या चाकाच्या सावलीत, प्लॅटफॉर्मवरच, पाय ताणून पडलेला. मी पावती काढली. भंगार विकणारा गप्प. घेणारा मात्र खमक्या, तो खाली वाकून बघून आला आणि खिडकीत तोंड घालून म्हणाला, "ओ भाऊ, भंगाराच्या भावानं कुत्रं घ्यायचं का आता मी?" काटा मारल्याचा आरोप आमच्या धंद्यात फार वाईट. तेव्हापासून नियम झाला. वजन घेण्याआधी मी खिडकीतून ओरडतो, "कुत्रं बघा!" ड्रायव्हर उतरतो, बघतो, हाकलतो, मगच पावती. दरवर्षी वैधमापनवाले साहेब शिक्क्याची वजनं घेऊन काटा तपासायला येतात. मधल्या काळात शंका आली की मी बिस्किटाचा पुडा दाखवून याला काट्यावर बोलावतो. २० दाखवलं की काटा बरोबर. फक्त याच्यावर सरकारी शिक्का नाही.

त्याचं नाव बॉस. हे ड्रायव्हर लोकांनी ठेवलं. दिवसभर काही करत नाही, मोक्याच्या जागी पडून असतो, येणाऱ्या-जाणाऱ्याकडं एक डोळा उघडून बघतो आणि जेवणाच्या वेळी बरोब्बर उठतो. दुसरं नाव शोभलंच नसतं.

बॉसला आम्ही आणलं नाही. दहाएक वर्षांपूर्वी तो मराठवाड्याकडच्या एका ट्रकमधून उतरला, चाकावर तंगडी वर केली आणि राहिला. आमचा जुना कॉम्प्युटरही असाच. २००६ साली काटा बसला, त्याच्याबरोबर तो आला. कोणी निवडला नव्हता. विंडोज एक्सपी त्याच्या पोटात होती, तीही कोणी निवडली नव्हती. हिरवा डोंगर, निळं आभाळ, दोन ढग. सणसवाडीतल्या धुरळ्यात एवढं हिरवं मी फक्त त्या पडद्यावर बघितलं.

माझा एक भाचा खराडीत आयटीत आहे. रविवारी गावाकडं जाताना वाघोलीची कोंडी पार करून आला की इथं चहाला थांबतो. अंतर अर्ध्या तासाचं, पण त्याच्या चेहऱ्यावर पंढरीची पायी वारी करून आल्याचा भाव असतो. परवा त्यानं तो कॉम्प्युटर बघितला आणि डोक्याला हात लावला.

"मामा, एक्सपी? २००१ ची आहे ही. ८ एप्रिल २०१४ ला हिचा सपोर्ट संपला. आता हिला काही झालं तर विचारायला कोणी येणार नाही."

"मला तरी कोण विचारतंय?" मी म्हणालो.

पण मालक शेजारीच होते आणि भाच्याचं इंग्रजी त्यांच्यावर चालतं. नवीन कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. मग मालकांनी मला तो प्रश्न विचारला, जो माझ्या माहितीत सणसवाडीत आजवर कोणी कोणाला विचारला नसेल. "कुठली सिस्टिम घ्यायची?"

इथं बायको कुठली, जमीन कुठली, आमदार कुठला यावर माणसं रात्र रात्र बोलतील. सिस्टिम ही जी येईल ती आपली. मी २००४ साली एमएस-सीआयटी केलं, म्हणजे नोकरीच्या अर्जात तसं लिहिता येतं. पण त्यातही विंडोज म्हणजेच कॉम्प्युटर असं मानून सगळं शिकवलं होतं. भाचा तासभर समजावत होता. कर्नल, युजर स्पेस, परमिशन. कर्नल म्हटल्यावर मला रिटायर झालेले मिशीवाले साहेबच दिसायचे. शेवटी मी म्हणालो, "बाबा रे, मला कुत्र्यात सांग. कुत्री मला कळतात."

तो हसला. पण त्यानं सुरुवात केली आणि मग मीच थांबेना. रात्रपाळीला ट्रक कमी असतात. फोनवर वाचत गेलो. जे सापडलं ते इथं मांडतो.

पहिला शोध असा, की आमच्या एक्सपीत आधीपासून कुत्रा होता. फाइल शोधायला गेलं की कोपऱ्यात एक पिवळसर कुत्रा येऊन बसायचा, आठवतो? त्याचं नाव रोव्हर. १९९५ साली मायक्रोसॉफ्टच्या 'बॉब' नावाच्या एका फसलेल्या प्रयोगात तो जन्मला आणि तो प्रयोग बुडाल्यावर एक्सपीच्या दाराशी आला. म्हणजे हाही दुसऱ्याच गाडीतून उतरून इथं राहिलेला. मी त्याला कधी काही शोधायला लावलं नाही, आणि त्यानंही कधी हट्ट केला नाही. आमचं बरं चाललं होतं.

आता एकेक जात घेऊ.

विंडोज म्हणजे लॅब्राडोर. घराघरात असतो, सगळ्यांना आवडतो, लहान पोरं, पाहुणे, पोस्टमन, चोर, सगळ्यांशी सारखाच गोड. चोराशी गोड असतो म्हणून त्याच्यावर नजर ठेवायला आपण अँटिव्हायरस नावाचा दुसरा कुत्रा पाळतो. हा दुसरा वर्षभर काही करत नाही, फक्त "माझं लायसन संपत आलं" म्हणून भुंकतो. लॅब्राडोर खातो किती? जेवढं ठेवाल तेवढं. चार जीबी मेमरी ठेवली तर चार खाईल, सोळा ठेवली तर सोळा खाईल आणि रिकाम्या ताटलीकडं आणि तुमच्याकडं आळीपाळीनं बघत बसेल.

पण लॅब्राडोरचा खरा गुण म्हणजे त्याच्या प्रेमाची वेळ. तुम्ही शांत बसलेले असता तेव्हा तो ढुंकून बघत नाही. लग्नाला निघालात, इस्त्रीची पांढरी पँट घातलीत, की त्याला मायेचं भरतं येतं आणि चिखलाचे दोन्ही पंजे छातीवर. अपडेट अगदी असाच येतो. मार्चअखेर आहे, बाहेर सात ट्रकांची रांग आहे, हॉर्न वाजतायत, अशा वेळी पडदा निळा होतो आणि 'कॉम्प्युटर बंद करू नका' असं येतं. मध्ये ठिपक्यांचं एक रिंगण फिरत राहतं. मी ते रिंगण पुष्कळदा बघितलंय. कुत्रं बसायच्या आधी स्वतःभोवती तीन गिरक्या घेतं, तेच ते. लॅब्राडोर असल्यामुळं जरा जास्त घेतं, एवढंच.

आमच्या भागात लॅब्राडोर खूप, पण पट्टा किती जणांच्या गळ्यात आहे ते विचारू नका. रिपेअरिंगच्या दुकानात गेलं की पोरगा म्हणतो, "काका, ठेवून जा, संध्याकाळपर्यंत विंडोज मारून देतो." हे 'मारून देणं' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कॉम्प्युटर उचलून परत निघालो होतो. मारलेली विंडोज उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरांत 'सक्रिय करा' म्हणत राहते. कुणाच्या तरी दारातून उचलून आणलेलं कुत्रं कसं रात्री मध्येच जुन्या मालकाच्या आठवणीनं कुईकुई करतं, तसं.

नवी विंडोज ११ मात्र अंगात टीपीएम नावाची चिप असल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाही. मला नवल वाटलं नाही. वंशावळीच्या कुत्र्यांच्याही कातडीखाली चिप बसवतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही सपोर्ट संपला आणि धडधाकट कितीतरी यंत्रं एका रात्रीत म्हातारी ठरली. आमचा कॉम्प्युटर तेव्हा शांत होता. त्याला म्हातारा ठरवून ११ वर्षं झाली होती, त्याला सवय होती.

मॅक म्हणजे हस्की. इथल्या एका बागायतदाराच्या धाकट्या चिरंजीवांनी हस्की आणलाय. मूळचा सायबेरियाचा, बर्फातला. शिरूर तालुक्यातला मे महिना तुम्ही बघितला असेल तर पुढचं सांगायला नको. त्याच्यासाठी एसी, त्याच्यासाठी वेगळं खाणं, वेगळा ब्रश. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरनं त्याला हात लावायला नम्रपणे नकार दिला, म्हणाले, "पुण्याला न्या. मी म्हशीचा माणूस आहे." मॅकचंही तसंच. बिघडला तर शिक्रापूरच्या पोराला स्क्रू कुठून काढायचा ते दिसत नाही. पण दिसायला! आणि गुणही आहेत. अंगावर येत नाही, घर घाण करत नाही, बोलावलं की येतो. तक्रार कुत्र्याबद्दल नसते, मालकाबद्दल असते. हस्कीवाला माणूस पहिल्या तीन मिनिटांत हस्कीचा विषय काढतो. माझा भाचा मॅकवाला आहे. तो चहाचा कप ठेवायच्या आधी काढतो.

या मॅकनं एक घोटाळा मात्र करून ठेवलाय. २००१ पासून दहाएक वर्षं त्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीला मांजरकुळातलं नाव. चित्ता, जॅग्वार, वाघ, सिंह. २००७ साली आली ती 'लेपर्ड', म्हणजे आपला बिबट्या. २००९ ला आणखी एक, हिमबिबट्या. कॅलिफोर्नियात बसून हे नाव सुचतं. शिरूर तालुक्यात, जिथं उसाच्या कडेनं संध्याकाळी जायचं तर माणूस दहा वेळा मागं बघतो आणि अंगणातलं कुत्रं सकाळी नुसत्या साखळीच्या रूपानं शिल्लक राहतं, तिथं बिबट्या घरात बसवून घ्या म्हणून कोण सांगणार? २०१३ पासून त्यांनी मांजरं सोडली आणि तिथल्या गावठिकाणांची नावं द्यायला सुरुवात केली. आमच्याकडच्या कुत्र्यांतर्फे मी आभार मानतो.

त्याच मॅकच्या पोटात मुळात एक वेगळंच जनावर होतं, हेही वाचलं. सुझन केअर नावाच्या चित्रकार बाईंनी पहिल्या मॅकसाठी छोटी छोटी चित्रं काढली होती. त्यातलं एक चित्र कुत्र्याचं की गायीचं हे कोणाला नक्की सांगता येईना. मग त्याचं नावच 'डॉगकाऊ' पडलं. पाळण्यातलं नाव क्लॅरस. कागद छापायच्या खिडकीत तो उभा असायचा आणि कागद आडवा की उभा ते दाखवायचा. तो भुंकतही नाही, हंबरतही नाही, 'मूफ' म्हणतो. हे मी आमच्या दूधवाल्याला सांगितलं. तो गंभीर झाला. म्हणाला, "दूध किती देतंय?"

आता लिनक्स. भाच्यानं हिला गल्लीतलं फुकट कुत्रं म्हटलं. मला ते पटलं नाही. लिनक्स म्हणजे धनगराचा कुत्रा.

दिवाळीनंतर या भागात मेंढरांचे वाडे येतात. शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतो, लेंडीखत मिळतं, धनगराला त्याचे पैसे किंवा धान्य मिळतं. एकदा पहाटे कळप नगर रोड ओलांडत होता. शे-दोनशे मेंढरं, पुढं घोडं, घोड्यावर बिऱ्हाड, त्यात एक कोंबडी. दोन्ही बाजूंना ट्रक थांबलेले. आणि एकच कुत्रा. गळ्यात पट्टा नाही, अंगावर जुन्या जखमांच्या खुणा, नजर कळपावरून हलत नाही. बॉसनं काट्यावरून मान वर करून मोठ्या अधिकारानं दोनदा भुंकून बघितलं. त्यानं वळूनही पाहिलं नाही. धनगरानं जिभेखालून एक शीळ घातली, कुत्रा डावीकडून धावला. दुसरी घातली, थांबला. मी आपलं कौतुकानं "यू यू" केलं. त्याला ते कळलं नाही. त्याला फक्त शीळ कळते, आणि शीळ अचूक लागते.

लिनक्सला तसंच. चित्रावर बोट ठेवून लाडीगोडी लावून चालतं म्हणतात हल्ली, पण खरा लिनक्सवाला काळ्या पडद्यावर टाइप करतो. एक अक्षर चुकलं, एक मोकळी जागा राहिली, तर ती मख्ख. बरोबर लागली तर दोनशे मेंढरं एका ओळीत. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या पोरानं हौस म्हणून हे सुरू केलं. आज जगातले सगळ्यात वेगवान ५०० महासंगणक यादीत मांडले तर पाचशेच्या पाचशे लिनक्सवर चालतात, आणि हे २०१७ पासून असंच आहे. बंगल्यात हे कुत्रं दिसत नाही, कारण ते रानात कामावर असतं.

मात्र लिनक्सची पिल्लं मोजू नयेत. कोणीही एक उचलतो, थोडा रंग बदलतो, नवं नाव देतो. त्यातलं एक खरंच 'पपी लिनक्स'. २००३ साली ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी आणलेलं, एवढंसं, जुन्या यंत्रातही मावणारं. एक 'रॉकी लिनक्स' आहे, तेव्हा गावातल्या निम्म्या कुत्र्यांना आपलं नाव तिथंही गेल्याचा आनंद व्हावा. एक 'यलो डॉग लिनक्स' होतं. या पिवळ्या कुत्र्याचा एक वारसा मागं राहिला. सॉफ्टवेअर आणून बसवणारी एक आज्ञा त्याच्यावरून निघाली, तिच्या इंग्रजी नावाची तीन आद्याक्षरं जोडली की उच्चार होतो 'यम'. हे वाचून रात्री दोन वाजता माझ्या अंगावर काटा आला. महाभारतात धर्मराजाच्या मागं स्वर्गाच्या दारापर्यंत जो कुत्रा गेला, तो शेवटी कोण निघाला? यमधर्म! हजारो मैलांवर बसलेल्या माणसांनी नकळत कुत्र्याच्या पोटी यम घातला. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, झोपा."

या पिल्लांच्या मालकांची भांडणं मात्र बघण्यासारखी. एका हद्दीतला दुसऱ्या हद्दीत आला की संपलंच. सगळी एकाच रक्ताची, पण चौकाच्या या बाजूची त्या बाजूच्यांना ओळख देत नाहीत. हे मी रोज रात्री साडेअकराला, सेकंड शिफ्ट सुटल्यावर, चिकनच्या दुकानासमोर बघतो.

आणि गंमत अशी, की "आम्हाला नको ती लिनक्स" म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात ती आहेच. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच. २००३ च्या सुमाराला टीव्हीवर एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पोराच्या मागं मागं फिरणारा चपट्या तोंडाचा पग यायचा. लोक अजून त्याला 'हचचा कुत्रा' म्हणतात. अँड्रॉइड म्हणजे तो. शेतात या, बाजारात या, संडासात या, पाठीशी आहेच. दिसायला पग, रक्त धनगरी.

याच्या नावांत आपल्यावर अन्याय झालाय. याच्या आवृत्त्यांना एबीसीडीच्या क्रमानं गोडधोडाची नावं द्यायचे. कपकेक, डोनट, पुढं चालू. जे आला तेव्हा जिलेबीला संधी होती, जेलीबीन घेतली. २०१५ ला एम आला. इथून पंधरा-वीस किलोमीटरवर रांजणगावला साक्षात महागणपती बसलाय, मोदकाचा विचार कोणी केला? मार्शमेलो. २०१८ ला पी आला. पुरणपोळी तव्यावर तयार असताना 'पाय' घेतला. २०१९ पासून नावं सोडून नुसते आकडे ठेवले. पंगत उठल्यावर पान वाढणं नको म्हणून असेल.

सरकारनंही एक कुत्रा पाळून बघितला. पुण्याची सी-डॅक, जिनं १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक बांधला, त्याच संस्थेनं २००७ साली भारतीय भाषांसाठी एक लिनक्स काढली. नाव काय ठेवावं? बॉस. मी ते वाचून खिडकीबाहेर बघितलं. आमचा बॉस काट्यावर पसरला होता. "तुझ्या नावाची सरकारी सिस्टिम आहे," मी त्याला सांगितलं. त्यानं कान फडफडवला. मला वाटतं, त्याला माहीत होतं.

शेवटचा कुत्रा मला इथल्या कंपनीत भेटला. एका मेंटेनन्सवाल्याला रात्री चहा पाजत होतो. फोन आला तसा तो "वॉचडॉग फॉल्ट आलाय" म्हणत पळाला. मी बिस्किटाचा पुडा घेऊन मागं निघालो. वाटलं, कुत्रं मशीनमध्ये अडकलं. तसं नसतं. मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या आत वॉचडॉग नावाचं एक घड्याळ असतं. प्रोग्रॅमनं ठरावीक वेळात त्याला थोपटायचं, मी जागा आहे म्हणून सांगायचं. थोपटणं चुकलं, की वॉचडॉग समजतो आतला माणूस गेला किंवा झोपला, आणि सगळं मशीन थांबवतो. इतकी कुत्री वाचली, त्यात मला हाच मनापासून आवडला. दिसत नाही, भुंकत नाही, मालकावर विश्वास ठेवत नाही.

एवढा अभ्यास करून मी मालकांपुढं गेलो. म्हणालो, रानातलं काम आहे, धनगरी घेऊ. मालकांनी काट्याचं सॉफ्टवेअर देणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "आमचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं." विषय संपला. लॅब्राडोर आला. मला विचारलं होतं, हाच त्यातला मोठेपणा.

शिक्रापूरच्या दुकानातला पोरगा दुपारी बसवायला आला. जुन्या कॉम्प्युटरची नऊ पिनांची वायर नव्यात बसेना, कारण ते भोकच हल्ली नसतं. तो चिंधीएवढा एक कन्व्हर्टर घेऊन आला. सगळं जोडलं. अडीचला त्यानं इंडिकेटरवरचं शून्याचं बटण दाबलं. पडद्यावर भलंमोठं शून्य. मालकांनी पेढा दिला.

तीन वाजता फर्स्ट शिफ्ट सुटली. गर्दी आली, गेली. आणि पडद्यावर आकडा आला, उणे २०.

रिकामा काटा. वर काही नाही. उणे २०.

पोरगा घामाघूम. "काका, पुन्हा मारतो." मालक म्हणाले, लोडसेल गेली. ड्रायव्हर म्हणाले, उंदरानं वायर खाल्ली. भाचा खराडीहून पडद्यात शिरला. बाण आपोआप इकडं तिकडं पळायला लागला, तसे दोन हमाल मागं सरकले. बाहेर रांग नगर रोडपर्यंत. पत्र्याच्या कॉइलच्या ट्रकचं वजन मी घाईत घेतलं होतं, तो ड्रायव्हर खिडकीत. "आवो, कंपनीतनं निघाला तवा माल बरोबर व्हता. माझं २० किलो गेलं कुटं?" जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात वायरी गुंडाळून बसला होता. त्याच्या काळ्या पडद्यावर मला समाधान दिसलं, असं मी म्हणणार नाही.

पोरगा तासभर खटपट करत होता. ट्रक बाजूला घेतला, काटा मोकळा, सगळे पडद्याकडं बघत उभे. त्यानं शेवटचं एक बटण दाबलं, आणि उणे २० चं एकदम शून्य झालं.

"झालं!" तो ओरडला. "ड्रायव्हर अपडेट केला!"

कॉइलवाला ड्रायव्हर दचकून दोन पावलं मागं गेला. मालकांनी उरलेले पेढे काढले. फोनवरून भाचा म्हणाला, "मी सांगितलं होतं ना, ड्रायव्हरच असणार."

मी एकटाच खिडकीबाहेर बघत होतो. बॉस कँटीनच्या पोळ्या खाऊन आला होता. प्लॅटफॉर्मच्या पलीकडच्या टोकाला, आंब्याच्या सावलीत, जिथं तो अडीच वाजताही झोपलेला होता, तिथंच त्यानं तीन गिरक्या घेतल्या होत्या आणि अंग टाकलं होतं.

मी बाहेर गेलो. म्हणालो, "बॉस, ऊठ." तो उठला, नाइलाजानं. आत गलका झाला, पुन्हा उणे २०. मी आत येऊन शून्य दाबलं. कोणाला काही बोललो नाही. पोराच्या बिलात 'ड्रायव्हर अपडेट ३०० रुपये' लिहून झालं होतं, आणि कष्ट त्यानं केलेच होते.

कॉइलचा ट्रक पुन्हा चढवला, नवी पावती काढली. २० किलो भरून आले. नव्या सॉफ्टवेअरमध्ये पावतीच्या तळाशी 'शेरा' म्हणून एक रकाना आहे, जुन्यात नव्हता. पहिलीच पावती, रकाना रिकामा सोडवेना. दोन पावत्यांत फरक का, हेही कुठंतरी लिहायला हवं होतं. मी टाइप केलं, 'बॉस वगळून'.

दुसऱ्या दिवशी त्या कंपनीच्या अकाउंट्समधून फोन. बाईंचा आवाज दबका होता.

"शेऱ्यात तुम्ही 'बॉस वगळून' लिहिलंय. म्हणजे हे साहेबांना कळवायचं नाही का?"

"कळवा की," मी म्हणालो. "तेव्हा ते जेवायला उठले होते, एवढंच."